विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित आणि तरीही सरकारी पैसा

महाराष्ट्रात विनाअनुदानित, म्हणजे शासनाच्या अनुदानाशिवाय चालणाऱ्या, अभियांत्रिकी महाविद्यालयांना 1983 साली परवानगी मिळाली. बारावीची मुले डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जात होती आणि नवी कॉलेजे काढायला तिजोरीत पैसा नव्हता. संस्था न्यास म्हणून नोंदवायची, नफा काढायचा नाही, ही अट होतीच. परवानगी मात्र मंत्रालयातून, त्यामुळे ज्यांचा तिथे राबता त्यांच्याच न्यासांना ती मिळत गेली. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ यांच्या पंगतीत कॉलेजही बसले. परवानगी देणारे आणि घेणारे एकाच सभागृहात असल्यावर प्रश्न कोणी विचारायचा?

1987 मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आला. ठरवून दिलेल्या शुल्काच्या वर घेतलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन, अशी त्याची मांडणी. रोखीने, पावतीशिवाय घेतलेले पैसे त्यात कसे पकडायचे, हा पेच आजही सुटलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये फ्री सीट (कमी शुल्काच्या) आणि पेमेंट सीट (जास्त शुल्काच्या) अशी जागांची विभागणी केली, 2002 मध्ये त्याच न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडली, 2003 मध्ये शुल्क ठरवणाऱ्या समित्या आल्या. नफेखोरी नको, वाजवी शिल्लक चालेल, हे सूत्र तेव्हापासूनचे. आता राज्यात 2015 च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब पाहून शुल्क ठरवते. गडबड होते ती खर्चाच्या बाजूला. इमारत संस्थाचालकांच्याच दुसऱ्या न्यासाची असली की तिचे भाडे खर्चात धरले जाते. पगार बँकेत वेतन आयोगाप्रमाणे जमा होतो आणि त्यातला हिस्सा रोखीने परत घेतला जातो. कागद चोख, शुल्क चढे.

खरा गुंता 'कायम' या शब्दाचा. आधी विनाअनुदानित म्हणजे अनुदान अजून मिळालेले नाही, काही वर्षांनी मिळेल, असा समज होता. त्या आशेवर माणसे तुटपुंज्या पगारावर रुजू झाली. 2001 पासून परवानगीपत्रात 'कायम विनाअनुदानित' असे पडू लागले, म्हणजे अनुदान कधीच मागायचे नाही. शाळांच्या बाबतीत आंदोलनांनंतर 2009 मध्ये हा शब्द काढला गेला, आणि पुढे मूल्यांकन होऊन 20 टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. 2001 नंतरची वरिष्ठ महाविद्यालये मात्र त्या शब्दातच अडकली. एकाच गावात, एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांच्या पगारात कित्येक पटींचा फरक पडतो तो परवानगीपत्रावरच्या तारखेमुळे.

आणि सरकारी पैसा थांबला म्हणावे तर तसेही नाही. तो वाट बदलून येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांत अनुसूचित जातींच्या पात्र विद्यार्थ्यांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि आर्थिक मागासांचे निम्मे शुल्क शासन भरते. 2024 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना पूर्ण माफी आहे. ती केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांना. संस्था स्वतः भरते त्या संस्थास्तरावरच्या जागा आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे बाहेर. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची ही रक्कम महिनोन्‌महिने रखडली की संस्था आधी प्राध्यापकांचा पगार थांबवते, मग विद्यार्थ्याचा दाखला अडवते. अनुदान सरकारने थेट दिले असते तर सेवाशर्ती, भरती, आरक्षण यांवर देखरेखही आली असती. शुल्काच्या अशा प्रतिपूर्तीत, म्हणजे भरपाईत, पैसा येतो, देखरेख येत नाही.

संस्थेची शिक्षकांवरची पकड मतदारयादीतही दिसते. विद्यापीठाच्या अधिसभेसाठी (सिनेटसाठी) शिक्षक म्हणून मतदार व्हायला पूर्णवेळ, विद्यापीठमान्य नेमणूक लागते. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारे त्यात बसत नाहीत. विधान परिषदेत शिक्षकांचे 7 मतदारसंघ आहेत. तिथे मतदार व्हायला आधीच्या 6 वर्षांत किमान 3 वर्षे शिकवलेले हवे. नमुना 19 चा अर्ज भरायचा आणि त्याला शिकवल्याचा संस्थाप्रमुखाचा दाखला जोडायचा. पगारातला हिस्सा परत मागणाऱ्या संस्थेतही दाखला तिथूनच आणावा लागतो.