आंतरराष्ट्रीय गुंतवणूक : निर्देशांक फंड आणि सक्रिय फंड यांतील निवड

स्वतःच्या देशाबाहेरील कंपन्यांच्या समभागांत म्युच्युअल फंडामार्फत पैसे गुंतवताना गुंतवणूकदारापुढे मुख्यतः दोन प्रकारचे फंड असतात. निर्देशांक फंड, म्हणजेच इंडेक्स फंड, ठरावीक निर्देशांकातील कंपन्या त्यांच्या भारांकाच्या, म्हणजे निर्देशांकातील वाट्याच्या, प्रमाणात विकत घेतो. सक्रिय फंडात कोणत्या देशात, कोणत्या कंपनीत आणि किती पैसे घालायचे हे व्यवस्थापक ठरवतो. देशांतर्गत मोठ्या कंपन्यांपुरती निर्देशांक फंडाची बाजू आता बऱ्याच अंशी मान्य झाली आहे. परदेशी बाजारांविषयीचा वाद मात्र टिकून आहे आणि त्यातील बराचसा भाग मोजमापातल्या गफलतींवर उभा आहे.

निर्देशांक फंडाच्या बाजूचा मूळ युक्तिवाद अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये मांडला. ज्यांनी संपूर्ण बाजार त्याच्या प्रमाणात धरला आहे त्यांना बाजाराइतका परतावा मिळतो. त्यामुळे उरलेल्या सर्व सक्रिय गुंतवणूकदारांना एकत्रितपणेही खर्चापूर्वी तेवढाच परतावा मिळू शकतो आणि खर्च वजा जाता तो कमी भरतो. परदेशी बाजारांत माहिती उशिरा पोहोचते, तेव्हा अभ्यासू व्यवस्थापकाला तेथे वाव अधिक, असे उत्तर यावर नेहमी दिले जाते. पण बाजारात माहिती कमी असली तरी एकाचा जादा परतावा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातूनच येतो. शार्प यांचा हिशेब सर्व सक्रिय गुंतवणूकदारांचा आहे, केवळ फंडांचा नव्हे. स्थानिक किरकोळ गुंतवणूकदारांच्या नुकसानीवर व्यावसायिक फंड एक गट म्हणून पुढे राहणे तत्त्वतः शक्य आहे. मात्र ते शक्य आहे म्हणजे घडतेच असे नाही.

खर्चाचा परिणाम सहसा कमी लेखला जातो. वार्षिक ७ टक्के दराने ३० वर्षांत रक्कम सुमारे ७.६ पट होते, तर ६ टक्के दराने सुमारे ५.७ पट, म्हणजे दरवर्षीच्या एका टक्क्याने अखेरच्या रकमेचा जवळपास चौथा हिस्सा जातो. शिवाय परदेशात वारंवार खरेदी-विक्री करणे महाग पडते. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये समभागांच्या खरेदीवर साधारणपणे ०.५ टक्के कर द्यावा लागतो आणि तो फंडाच्या जाहीर खर्चाच्या प्रमाणात दिसत नाही, थेट परताव्यातून वजा होतो.

सक्रिय व्यवस्थापनाच्या बाजूने सर्वाधिक सांगितला जाणारा दाखला जपानचा आहे. युरोप, ऑस्ट्रेलेशिया व अतिपूर्वेतील विकसित बाजारांचा ईएएफई हा निर्देशांक एमएससीआय ही निर्देशांक तयार करणारी संस्था काढते आणि तो समभागांच्या एकूण बाजारमूल्यानुसार भार देतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानी समभागांचे भाव इतके फुगले, की या निर्देशांकात एकट्या जपानचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. जपानी बाजाराचा निक्केई २२५ निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. जपान महाग आहे असे मानून तेथे कमी पैसे ठेवणारे व्यवस्थापक तेजीच्या काळात निर्देशांकाच्या मागे पडले आणि पुढच्या दशकात त्याच निर्णयामुळे त्याच्या पुढे गेले. बाजारमूल्यावर आधारलेला निर्देशांक फुगलेल्या बाजारात अधिकाधिक पैसा ठेवतो, हा आक्षेप येथे खरा ठरला. तरीही अनेक फंडांचे ते यश मुळात एकाच देशाविषयीच्या एकाच अंदाजाचे होते. त्यावरून कंपन्या निवडण्याच्या कौशल्याचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

मानदंड, म्हणजे ज्या निर्देशांकाशी फंडाची तुलना करायची तो, चुकीचा निवडला की तुलनाच फसते. ईएएफईमध्ये कॅनडा नाही, चीनसारखे उदयोन्मुख, म्हणजे अजून विकसित न मानले जाणारे, बाजार नाहीत आणि लहान कंपन्याही नाहीत. सक्रिय फंड मात्र या तिन्हींत पैसे ठेवू शकतो, आणि ते बाजार तेजीत असताना तो निर्देशांकावर मात केल्यासारखा दिसतो. करामुळेही असाच भास होतो. एमएससीआयच्या निव्वळ परताव्याच्या, म्हणजे कर वजा करून मोजलेल्या, मालिकेत लाभांशावरील कर अनिवासी गुंतवणूकदारांना लागू असलेल्या कमाल दराने वजा केलेला असतो. देशादेशांतील कर-करारांमुळे एखाद्या फंडाचा कर त्याहून कमी कापला गेला, तर साधा निर्देशांक फंडही आपल्या निर्देशांकाच्या पुढे दिसू शकतो. सक्रिय फंडालाही ती सवलत मिळते, फक्त तिचे श्रेय व्यवस्थापकाच्या खाती जमा होते. बंद पडलेले किंवा दुसऱ्या फंडात विलीन झालेले फंड आकडेवारीतून गळाले, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते, ही गोष्ट वेगळीच.

वेळेच्या फरकाचा घोळ उलट दिशेनेही होतो. टोकियोचा बाजार बंद झाल्यावर कित्येक तासांनी अमेरिकेतील फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य (एनएव्ही) ठरते. मधल्या वेळात न्यूयॉर्कमध्ये भाव कोसळले तर फंड जपानी समभागांचे मूल्य अंदाजाने खाली आणतो. निर्देशांक मात्र टोकियोचा बंद भावच धरतो. त्या दिवशी दिसणारी तफावत सहसा दुसऱ्या दिवशी बरीचशी भरून निघते, पण तो वर्षाचा शेवटचा दिवस असेल तर वार्षिक आकड्यांतही ती उमटते.

उदयोन्मुख बाजारांत सक्रिय फंडाची बाजू तुलनेने बळकट वाटते. तेथे सरकारी मालकीच्या कंपन्यांचा भार मोठा असतो आणि त्या कंपन्यांत छोट्या भागधारकाचे हित नेहमीच पहिले नसते. एमएससीआयच्या उदयोन्मुख बाजार निर्देशांकात २०२० मध्ये एकट्या चीनचा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला होता. मार्च २०२२ मध्ये रशियाचे समभाग याच निर्देशांकातून जवळपास शून्य किमतीला वगळण्यात आले. निर्देशांक फंडाला आधी बाहेर पडण्याची मुभाच नव्हती; सक्रिय व्यवस्थापकांना ती होती, पण अनेकांनी ती वापरली नाही.

विकसित बाजारांतील मोठ्या कंपन्यांसाठी निर्देशांक फंड आणि उदयोन्मुख बाजारांसाठी किंवा लहान कंपन्यांसाठी सक्रिय फंड, असा मधला मार्गही काही जण घेतात. त्यात सक्रिय फंडाचे शुल्क माफक आहे का आणि त्यातील समभागांचा संच निर्देशांकापेक्षा खरोखर वेगळा आहे का, हे पाहावे लागते. निर्देशांकाला चिकटून राहून सक्रिय दराने शुल्क घेणारे फंड कमी नाहीत. दोन्ही भागांसाठी निर्देशांक फंडच घेतले तरी निवड संपत नाही, कारण कोणता देश विकसित मानायचा यावर निर्देशांक तयार करणाऱ्या संस्थांचे एकमत नसते. दक्षिण कोरियाला एफटीएसई ही दुसरी निर्देशांक संस्था विकसित मानते, तर एमएससीआय उदयोन्मुख. त्यामुळे विकसित बाजारांसाठी एफटीएसईचा आणि उदयोन्मुख बाजारांसाठी एमएससीआयचा निर्देशांक धरणाऱ्याकडे कोरियातील कंपन्या दोनदा येतात आणि उलट जोडी धरणाऱ्याकडे त्या येतच नाहीत.