वय मोजायचं ते बीजाचं

खानापूर-निपाणीकडची जोडपी मूल होण्याच्या उपचारांसाठी बेळगाव गाठतात, नाहीतर सरळ कोल्हापूर. दात्रीचं, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेलं स्त्रीबीज घ्यायचं ठरलं की घरात पहिली शंका निघते : सुनेची चाळिशी उलटली, आता गर्भ टिकेल का? शंका चुकीच्या वयाबद्दल आहे.

बाईची सगळी स्त्रीबीजं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. तिच्याबरोबर तीही म्हातारी होतात आणि पस्तिशीनंतर त्यांच्यातली गुणसूत्रांची वाटणी वरचेवर चुकू लागते. गर्भ रुजत नाही किंवा पडतो, त्यामागे या वयात बहुधा हेच असतं. गर्भाशय मात्र इतक्या लवकर थकत नाही. तरुण दात्रीचं बीज मिळालं तर चाळिशीतल्या बाईला जवळपास तिशीतलीइतकंच यश मिळतं; पंचेचाळिशीनंतर थोडी घसरण दिसते. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने दात्रीचं वय २३ ते ३५ ठरवलंय. तिने आयुष्यात एकदाच बीजं द्यायची, तीही फार तर ७. कायदा केंद्राचा, म्हणजे एवढ्या बाबतीत तरी सीमावाद नाही.

घेणारीकडे उरतं ते गर्भाशयाचं अस्तर. इस्ट्रोजेन हे संप्रेरक देऊन ते साधारण ७ मिलिमीटरच्या पुढे वाढवतात, मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सुरू करतात आणि त्याच्या दिवसांचा हिशोब धरून दात्रीचं बीज आणि नवऱ्याचे शुक्राणू यांच्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेला पाच दिवसांचा गर्भ आत सोडतात. पाऊस कितीही झाला तरी वाफसा आल्याशिवाय कुरी धरत नाहीत, तसंच हे. गर्भनलिकेत साठलेलं पाणी, अस्तरात घुसलेली गाठ, जननमार्गाचा जुना क्षय यांचा बंदोबस्त आधी करावा लागतो. नवऱ्याचे शुक्राणूही तपासायचे असतात, हे सांगावं लागतं यातच सगळं आलं.

आणि तंबाखू. दात्रीची बीजं घेऊनही खूप धूम्रपान करणाऱ्या बायकांत गर्भ कमी रुजतो असं आढळलंय, म्हणजे घाव गर्भाशयावरही पडतो. आमच्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात. निकोटिन तिच्यातूनही रक्तात जातंच, पण 'व्यसन आहे का' असं विचारल्यावर मिश्री कुणाला आठवत नाही.

दुसरीच्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तिथल्या डॉक्टरांना बीज दात्रीचं होतं हे लाजेपोटी सांगितलंच जात नाही. बाकी कुणाला सांगू नका हवं तर, त्यांना सांगा.