जीवाणूंच्या आरएनएमधील सेलेनियम: एका रास्त शंकेचा इतिहास

बर्झेलियस यांनी १८१७ साली स्वीडनमध्ये शोधलेले सेलेनियम सजीवांनाही अत्यल्प प्रमाणात लागते, याचा पहिला ठोस पुरावा जीवाणूंकडून मिळाला. फॉर्मेट डिहायड्रोजनेज हे विकर तयार होण्यासाठी आतड्यात राहणाऱ्या ‘ई. कोलाय’ या जीवाणूला सेलेनाइट आणि मॉलिब्डेट (सेलेनियम आणि मॉलिब्डेनम यांची संयुगे) दोन्ही लागतात, असे जेन पिन्सेंट यांनी १९५४ मध्ये दाखवले. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील थ्रेसा स्टॅडमन यांच्या प्रयोगशाळेने एका जीवाणूच्या प्रथिनात सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्ल ओळखले आणि संशोधकांचे लक्ष बहुतांशी प्रथिनांकडेच वळले.

त्याआधीच, १९७०च्या दशकाच्या आरंभी, ई. कोलायच्या टीआरएनएमध्येही (प्रथिन घडताना अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या आरएनएमध्ये) सेलेनियम आढळले होते. पण ते तेथे मुद्दाम बसवलेले आहे की चुकून शिरले आहे, हा प्रश्न उरलाच. ही शंका रास्त होती, कारण सेलेनियम आणि गंधक आवर्तसारणीच्या एकाच गणातले असून त्यांचे रासायनिक वर्तन मिळतेजुळते आहे, आणि टीआरएनएमध्ये गंधकयुक्त घटक मुळातच असतात. तिचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. १९८४ मध्ये स्टॅडमन यांच्याच गटाने ई. कोलायच्या टीआरएनएमधील सेलेनियमयुक्त घटकाची नेमकी रचना निश्चित केली. सेलेनियमचा अणू वाटेल तेथे नव्हे, तर लायसिन आणि ग्लुटामेट ही अमिनो आम्ले वाहणाऱ्या टीआरएनएंमध्ये प्रतिकोडॉनच्या (संदेशातील तीन अक्षरी कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांच्या) पहिल्या, म्हणजे टीआरएनएच्या साखळीतील चौतिसाव्या स्थानावरील युरिडीन या घटकावर बसतो. संदेशातील कोडॉनचे तिसरे अक्षर वाचले जाते ते याच जागी.

निर्णायक पुरावा, माझ्या मते, जनुकांनी दिला. म्युनिकमध्ये ऑगस्ट बोक यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या कामातून दिसले, की ‘सेलडी’ जनुक निकामी झाले तर सेलेनोसिस्टीन आणि टीआरएनएमधील सेलेनियम दोन्ही बंद पडतात. या जनुकाचे विकर सेलेनाइड या सेलेनियमच्या साध्या रूपापासून, एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूच्या साहाय्याने, सेलेनोफॉस्फेट घडवते. म्हणजे गंधकापासून वेगळा ओळखता येणारा, पेशीने ऊर्जा खर्चून सिद्ध केलेला सेलेनियमचा दाता. २००४ मध्ये टीआरएनएवर सेलेनियम बसवणाऱ्या विकराचे जनुकही ओळखले गेले. हे विकर आधी बसलेल्या गंधकाच्या जागी सेलेनियम आणते, आणि अलीकडच्या संशोधनानुसार त्यासाठी प्रथम त्या गंधकाला जेरानिल हा दहा कार्बनांचा गट जोडते. जनुकसंचांच्या तुलनेत तर असेही जीवाणू सापडले, ज्यांच्याकडे सेलेनोसिस्टीनची यंत्रणा नाही, पण सेलेनोफॉस्फेट आणि हे विकर बनवणारी जनुके मात्र आहेत.