एक टक्का आणि आठ पातळ्या

वस्त्यांची गटागटांत विभागणी कशी होते, हे दाखवणारा अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एका शोधनिबंधात मांडलेला प्रयोग घरबसल्या करून पाहता येतो. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी सरमिसळ मांडावीत, काही घरे रिकामी ठेवावीत आणि नियम एवढाच करावा, की शेजारच्या नाण्यांपैकी किमान एक तृतीयांश आपल्यासारखी नसतील, तर ते नाणे उठून मनाजोगत्या रिकाम्या घरात जाईल. म्हणजे दोन तृतीयांश शेजारी वेगळे असले तरी कोणाचीच तक्रार नाही. याला सहिष्णुताच म्हणावे लागेल. तरीही काही चाली झाल्या, की पटावर एकाच प्रकारच्या नाण्यांचे ठळक पुंजके दिसू लागतात. एक नाणे हलले, की मागे उरलेले त्याच्यासारखे शेजारी आणखी एकटे पडतात आणि नव्या जागेभोवतीच्या वेगळ्या नाण्यांना आपला शेजार परका वाटू लागतो. मग त्यांतलीही काही उठतात.

वस्तीत हा परिणाम शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे पसरतो, तर कार्यालयात तो एका बढतीपासून दुसऱ्या बढतीपर्यंत साचत जातो. मार्टेल, लेन आणि एमरिच या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये संगणकावर आठ पातळ्यांची एक काल्पनिक संस्था उभी केली. तळाशी ५०० पदे, शिखरावर १०, आणि आरंभी स्त्रिया व पुरुष समसमान. मूल्यमापनात पुरुषांना इतके किंचित झुकते माप दिले, की गुणांमधील एकूण तफावतीपैकी जेमतेम १ टक्का तफावत लिंगामुळे यावी. जागा रिकाम्या होत गेल्या, अधिक गुणांचे लोक वर चढत गेले आणि अखेर सर्वोच्च पातळीवर स्त्रियांचे प्रमाण ३५ टक्के उरले. बढतीसाठी निवड गुणांच्या वरच्या टोकातून होते, आणि सरासरीतला नगण्य फरक त्या टोकापाशी ठळक होतो. शिवाय प्रत्येक पातळीवरच्या उमेदवारांत आधीची तूट मुरलेलीच असते. कोणत्याही एका बढतीचे कागद तपासले, तर त्यात खोट सापडणे कठीण, आणि मला हीच बाब सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते.

अर्थात, माणसे म्हणजे नाणी नव्हेत. खऱ्या शहरांच्या विभागणीत उत्पन्न, कायदे आणि उघड भेदभाव यांचाही वाटा असतो. उघड वैर नसतानाही विभागणी होऊ शकते, एवढेच ही प्रतिमाने दाखवतात.

पुंजके एकदा तयार झाले, की नाण्यांची आवडनिवड पूर्णपणे काढून टाकली तरी पट पुन्हा मिसळत नाही, कारण जागा सोडण्याचे कारणच कोणाला उरलेले नसते. सगळेच शेजारी आपल्यासारखे असणेही खटकावे, अशी आणखी एक अट घातली, तर मात्र नाणी पुन्हा हलू लागतात.