मुका मार, माणसाचा आणि मोटारसायकलचा

धडक बसते, पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, हँडल ओढून सरळ करतो आणि "काही झालं नाही" म्हणत गाडी चालू करतो. तो खोटं बोलत नसतो. त्या घडीला त्याला खरंच काही जाणवत नसतं. रक्तात अ‍ॅड्रिनलिन उसळलेलं असतं आणि मेंदूने स्वतःच्याच वेदनाशामकांनी, म्हणजे एंडॉर्फिन्सनी, दुखणं दाबून ठेवलेलं असतं.

ताशी 50 किलोमीटर वेगातलं शरीर एकदम थांबलं, तर त्याला सुमारे 10 मीटरवरून जमिनीवर आदळण्याएवढी ऊर्जा पचवावी लागते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. काही घसरण्यात खर्च होते, काही पत्रा-प्लास्टिक मोडण्यात. उरलेली हाडामांसात आणि लोखंडात शिरते.

सर्वांत फसवा मार डोक्याचा. कानशिलाजवळ कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून लगटून एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं. माणूस थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन चांगला बोलतो, कधी कधी काही तास. दाब वाढत गेला की डोकेदुखी, उलट्या, गुंगी. ही लक्षणं दिसली की सकाळपर्यंत थांबायचं नसतं. उतारवयात, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, शिरांतून होणारा झिरपा इतका संथ असू शकतो की त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. तोवर आपण पडलो होतो हेच विसरायला झालेलं असतं.

हँडलचं टोक पोटात रुतलं तर बाहेर जेमतेम एखादा वळ दिसतो. आत डाव्या बरगड्यांखालची प्लीहा चिरडलेली असू शकते. तिच्या आवरणाखाली साचलेलं रक्त काही दिवसांनीही फुटून बाहेर येतं. अशा वेळी डावा खांदा दुखतो. रक्ताने श्वासपटल चुरचुरतं आणि त्याची चेतातंतूंची वाट खांद्याच्या वाटेला मिळते, म्हणून खांद्याला काही झालेलं नसताना तो ठणकतो. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाडही असंच चकवतं. पहिल्या एक्स-रेत तडा दिसतोच असं नाही, म्हणून अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर साधारण 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात.

आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरावं का, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. आतलं थर्माकोल चेपून धक्का शोषतं आणि चेपलेलं पुन्हा फुलत नाही. डोक्यासकट आदळलेलं हेल्मेट बाद.

आता गाडी. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकून परत जागेवर येतं, त्यापुढे कायमचं वाकतं. समोरून धडक बसली की ही मर्यादा बहुधा पुढच्या शॉकअपच्या पाइपांत ओलांडली जाते. कधी पाइप सरळच असतात, फक्त 'टी'मध्ये, म्हणजे त्यांना हँडलखाली धरून ठेवणाऱ्या पकडीत, पिळलेले असतात. बोल्ट सैल करून ते जागेवर येतात. खरोखर वाकलेत का, हे पाइप काढून सपाट काचेवर लोळवला की कळतं. चॅसीच्या मानेपाशी, म्हणजे हँडलचा दांडा सांगाड्यात बसतो तिथे, रंगाला बारीक सुरकुत्या किंवा तडे असतील, तर खालचं लोखंड ताणलं गेलंय असं समजावं. नवा रंग मारलेली जुनी गाडी घेताना मी तरी आधी तिथेच वाकून पाहीन. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवावं. मध्येच कुठे खटकन अडकलं तर कोनसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, वाट्यांवर खड्डे पडलेत. चाक फिरवून रिमचा आऊटही, म्हणजे ती डगमगते का तेही, तेव्हाच पाहून घ्यावा.

अ‍ॅल्युमिनियमचं चाक मात्र वाकण्याऐवजी तडकू शकतं. केसाएवढी चीर प्रत्येक फेरीच्या ताणाने थोडी थोडी वाढत जाते, त्यामुळे दोन किलोमीटर चालवून पाहिल्याने काहीच सिद्ध होत नाही. चाक स्वच्छ करून त्यावर भेदक रंगद्रव्य लावतात, वरचं पुसून पांढरी भुकटी फवारतात आणि चिरेत मुरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो. अशी रेघ उमटलेलं चाक वेल्डिंग करून पुन्हा चढवू नये.