दुष्काळ, प्लेग आणि लक्ष्मीबाईंचं हसू

नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती घरांत माती देऊन मंडळी परतली की घरात चूल पेटत नाही. शेजारच्या घरून चहाचं मोठं पातेलं येतं, पाठोपाठ पिठलं-भाकरी येते. संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमतात. पेटी काढली जाते, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली, शिवण सुटलेली 'उपासना संगीत' या गीतसंग्रहाची पुस्तकं हातोहात फिरतात. पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचतात, धीराचे चार शब्द बोलतात, आशीर्वाद देतात. मग थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली एखादी म्हातारी म्हणते, "त्यानं एकदा काय केलं माहीत आहे का?" गेलेल्या माणसाची एखादी फजिती ती रंगवून सांगू लागते. आधी एकजण हसतो, मग दुसरा, आणि दिवसभर डोळ्याला पदर लावून बसलेली त्याची बायकोसुद्धा हसते. हसता हसता परत रडते. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

लहानपणी मला हे आमच्याच घरचं वाटायचं. वाचत गेलो तसं कळलं की या हसण्याला चांगला शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्याची मुळं दुष्काळात आहेत, प्लेगमध्ये आहेत, कीर्तनाच्या फडात आहेत, आणि जोडाक्षरं धड न येणाऱ्या एका बाईच्या, लक्ष्मीबाई टिळकांच्या, लेखणीत आहेत.

मुळात बायबलमध्ये हसू कमी नाही. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली आणि मुलाचं नावच इसहाक पडलं, म्हणजे 'हसणारा'. बंदिवासातून परतलेल्यांची तोंडं हास्याने भरली असं १२६ वं स्तोत्र सांगतं. फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गाणी म्हणत होते. आणि त्याच ग्रंथात १३ वं स्तोत्रही आहे, जे "किती काळ?" असं देवालाच विचारतं. तक्रार आणि हसू दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच देवासमोर. मराठी माणसाला हे नवं नव्हतं. विठ्ठलाशी भांडणारे, त्याला चार शब्द सुनावणारे संत त्याच्या कानावर पिढ्यान् पिढ्या होते. अडचण होती ती भाषेची. ज्या भाषेत माणूस घरात रडतो आणि हसतो, त्या भाषेत ख्रिस्ती श्रद्धा बोलणार कधी?

याचं पहिलं मोठं उत्तर गोव्यात मिळालं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून आलेले जेझुइट (येशूसंघाचे) धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे तिथल्याच साष्टी भागात राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, आणि रिकाम्या वेळी ऐकायला, गायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. ती उणीव ओळखून स्टीफन्स यांनी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या आणि मराठीचं तोंड भरून कौतुक! धर्म बदलला म्हणून माणसाची गाण्याची भूक जात नाही, हे त्या परक्या माणसाने ओळखलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

देशावरची गोष्ट वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचं, काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये नगरला पोचलं. पहिल्या पिढीतल्या गॉर्डन हॉल यांना १८२६ मध्ये प्रवासात, नाशिकजवळ, पटकीने (कॉलऱ्याने) गाठलं आणि तिथेच ते गेले. 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ मध्ये नगरहून निघू लागलं. त्याचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत पुष्कळ गीतंही लिहिली. हे सगळं मोलाचं होतं. पण त्या काळातलं मिशनचं गद्य इस्त्रीच्या कपड्यासारखं ताठ आहे. त्यात उपदेश आहे, वाद आहे, ज्ञानविज्ञान आहे. स्वयंपाकघरातला आवाज मात्र त्यात ऐकू येत नाही.

तो ताठपणा मोडायला लागला कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन हाती घेतलं. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे गीतकार-कीर्तनकार त्यात पुढे होते. टाळ तेच, पखवाज तोच, पूर्वरंग-उत्तररंग तेच, आख्यान मात्र बायबलमधलं, उधळ्या पुत्राचं किंवा दयाळू शोमरोन्याचं. आता कीर्तन म्हटलं की विनोद आलाच. डुकरांच्या शेंगा खायची पाळी आलेला सावकाराचा पोरगा गावच्या माणसाला लगेच ओळखू येतो, कारण तसा एक तरी प्रत्येक गावात असतो. श्रोते त्याला हसत आणि घरी परतणाऱ्या त्या पोराकडे बाप धावत सुटला की त्यांचेच डोळे भरून येत. व्यासपीठावरच्या प्रवचनात ही सोय नव्हती. उपासनेत मोठ्याने हसायला हरकत नाही, हे आमच्या लोकांना कीर्तनानेच शिकवलं असं माझं मत आहे.

आणि हसायला कारणं फार थोडी होती. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, मग लगेच १८९९-१९०० चा. मधेच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पुण्याकडे, नगरकडे पसरला. नगर जिल्ह्यातले बहुतेक नवख्रिस्ती गावकुसाबाहेरचे, महार-मांग वस्तीतले. त्यांच्या वाट्याला भूक आधीपासूनच होती. दुष्काळात जे ख्रिस्ती झाले त्यांना दाण्यांसाठी धर्म सोडल्याचा टोमणा ऐकावा लागला, आणि त्यांच्या नातवंडांनाही तो चुकला नाही.

पंडिता रमाबाईंनी तर दुष्काळ स्वतःच्या घरात पाहिला होता. १८७४ मध्ये वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, पाठोपाठ आई आणि बहीण. भाऊ श्रीनिवास आणि त्या अन्नावाचून गावोगाव पायपीट करत राहिल्या. म्हणूनच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला 'मुक्ती' हा त्यांचा आश्रम उभा राहिला. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. नुसती विहीर खणायची म्हटली तरी दोन हजार घागरींचा हिशेब! सदनांची नावं पाहा : कृपासदन, प्रीतिसदन. ज्यांना गावाने टाकून दिलं, त्यांचा पत्ता 'कृपा' झाला. धीर देणं म्हणजे काय, ते मला या नावांत जेवढं दिसतं तेवढं मोठमोठ्या प्रवचनांत दिसत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी रमाबाईंनी मूळ भाषांवरून चालवलेलं बायबलचं मराठी भाषांतर सोडलं नाही. ते पुरं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या.

रमाबाईंची जिद्द आभाळाएवढी. पण आमच्या घरांतलं ते हसू आलं लक्ष्मीबाई टिळकांकडून.

१८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांना सोवळ्याचं वेड. बाजारातून आलेलं धान्य धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, कोपिष्ट, कमालीचे उदार आणि घरी न सांगता कधीही निघून जाणारे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा 'नवा करार' वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेला. त्या काळात पंढरपूरला राहून, लहानग्या दत्तूला पोटाशी धरून त्यांनी दिवस काढले, आणि दुःख अनावर झालं तेव्हा पदं रचली. लिहिणं मोडकंतोडकं, जोडाक्षरांशी तर कायमचं वैर.

पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं सोवळं आपल्या वेगळ्या चुलीपाशी सांभाळून. एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार केला : देवाने माणूस केला की जाती केल्या? आणि सोवळं सुटलं. कुणी वाद घालून त्यांना जिंकलं नाही. १९०० मध्ये राहुरीला दत्तूसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरला प्लेग आला, मिशनच्या मुलींच्या गाठी वर येऊ लागल्या, तेव्हा ज्यांच्या वडिलांनी धान्यसुद्धा धुवून घेतलं त्याच लक्ष्मीबाई त्या मुलींच्या उशापायथ्याशी बसून होत्या. कुणाची मुलगी, कोणत्या वस्तीतली, हा प्रश्न तोवर मागे पडला होता.

हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात सांगितलं आहे. १९३४ ते १९३७ या काळात ते चार भागांत निघालं. पुस्तक उघडलं की पानोपानी माणूस हसतो, आणि मग ध्यानात येतं की आपण जे वाचतोय ती उपासमार आहे, ताटातूट आहे, लेकरांची मरणं आहेत. टिळकांना पैसे देऊन बाजारात पाठवावं तर ते भलतंच काही घेऊन येत, नाहीतर वाटेतच कुणा गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने येत. पाहुणे जेवायला बोलावत आणि घरात सांगायचं विसरून जात. लक्ष्मीबाई चिडतात, भांडतात आणि शेवटी स्वतःलाच हसतात. नवऱ्यालाही त्या हसतात, पण त्याला कधी लहान करत नाहीत. शत्रू म्हणून त्या पुस्तकात कुणीच येत नाही, सोवळेकरी वडीलसुद्धा नाहीत. विनोदी लिहायचं म्हणून त्यांनी लिहिलेलंच नाही. जे जसं घडलं ते तसं सांगितलं, आणि ज्याला उद्याची काळजी देवावर टाकता आली आहे त्याच्याच सांगण्यात असतो तसला मोकळेपणा त्यात आपोआप आला.

टिळकांचाही यात मोठा वाटा आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, अभंगात आणि भजनात त्याला आळवलं. 'उपासना संगीता'त शंभराहून अधिक गीतं त्यांची आहेत. मुलासारखं जवळ केलेल्या बालकवींना त्यांच्या घरात आसरा मिळाला. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं आणि त्याची भाषा बदलली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर एकत्र बसावेत असं त्यांना वाटत होतं. मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली गेले. वर्षाने, ९ मे १९१९ ला, टिळक गेले.

विधवा लक्ष्मीबाईंनी पन्नाशीनंतर नोकरी केली, मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख केली, मुलापाठोपाठ कराचीपर्यंत गेल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' थोडेच अध्याय होऊन अपुरं राहिलं होतं, ते त्यांनी पुढे नेलं आणि जवळजवळ पूर्णत्वाला आणलं. जोडाक्षरांना अडखळणारी बाई महाकाव्य लिहीत होती!

त्यांचं पुस्तक आमच्या मंडळ्यांच्या घरांत नुसतं वाचलं गेलं नाही, ते सांगितलं गेलं. माझ्या आजीने ते अख्खं वाचलं होतं की नाही कोण जाणे. पण टिळकांच्या बाजारहाटाची गोष्ट ती आपल्या सासऱ्यांच्या नावावर खपवायची. आजोबा दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात होते तेव्हा ती त्यांच्या उशाशी हीच गोष्ट सांगत बसायची. आजोबा मान हलवून म्हणायचे, "माझ्या बापानं असलं काही केलेलं नाही." आणि दोघंही हसायची. मग ती २३ वं स्तोत्र म्हणायला घ्यायची. तेही सुरात, पेटीशिवाय.

वसईतही अशी परंपरा आहे, तिची चाल वेगळी. तिथे चर्चच्या आवाराइतकंच लग्नाच्या मांडवातल्या गाण्यांनी माणसांना सांभाळलं. तिथल्या 'सुवार्ता' मासिकाचं संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बरीच वर्षं केलं आणि बायबलला आजच्या मराठीत 'सुबोध' केलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्यानंतर दोनच महिन्यांत करोनाची टाळेबंदी लागली. चर्चला कुलूप, माती द्यायला मोजकी माणसं, घरी जाऊन धीर देण्याची सोयच नाही. आमच्या घरांत तेव्हा रोज रात्री आठला फोनवर प्रार्थना व्हायची. प्रार्थना संपली तरी कुणी फोन ठेवायचं नाही. नगर, पुणे, ठाणे, एक घर दुबईचं, आणि कुणीतरी सुरू करायचं, "त्यानं एकदा काय केलं माहीत आहे का?"

'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पुरा झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. पुढचं देवदत्तांनी लिहिलं. तोच दत्तू, ज्याला पोटाशी धरून त्या पंढरपुरात रडल्या होत्या.