रुंद टायर आणि घाटातला पाऊस

चवथीच्या आधी भाच्याने गाडीला मोठ्या रिम आणि रुंद टायर बसवून घेतले. गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना पहिल्याच वळणावर तो म्हणाला, "मामा, बघा, स्टिअरिंग कसं लगेच ऐकतं!" खरंच ऐकत होतं.

त्याचं कारण टायरवरच्या आकड्यांत आहे. जुना टायर १८५/६५ आर १५ होता: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. नवा २०५/५० आर १६. त्याची भिंत जेमतेम १०३ मिलिमीटर. बुटकी भिंत वळणावर कमी वाकते, म्हणून गाडी चटकन वळते. पण खड्ड्याचा दणकाही हीच भिंत झेलते. ती बुटकी असली की तो दणका रिमपर्यंत पोचतो.

'आर' म्हणजे रेडियल. जुन्या टायरांत दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत असत. भिंत वाकली की रस्त्याला टेकणारा तळही वेडावाकडा व्हायचा. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल रचनेत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखाली पोलादी पट्टे असतात. त्यामुळे भिंत लवचीक राहते आणि तळ रस्त्यावर सपाट बसतो.

आता वजन. मोठी रिम आणि रुंद टायर बहुधा जड असतात, आणि चाकाचं वजन डिकीतल्या सामानासारखं नसतं. टायरच्या तळाशी वाढलेला एक किलो गाडीबरोबर पुढे जातो आणि गोल फिरतोही, म्हणून वेग घेताना तो दोन किलोंइतका जाणवतो. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे स्प्रिंगवर न तोललेलं. जड चाक उसळलं की सस्पेन्शनला ते पुन्हा रस्त्यावर टेकवायला वेळ लागतो. खडबडीत रस्त्यावर तेवढा वेळ टायरची पकड सुटलेली असते. माझ्या मते रिम निवडताना दिसण्याआधी तिचं वजन विचारावं.

पावसात प्रश्न आणखी वेगळा. हजार किलोंची गाडी, ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा: प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढाच टेकतो. टायर रुंद केला तरी, हवा तेवढीच असेल तर, हा तळहात फारसा मोठा होत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला तोकडा होतो. कोरड्या वळणावर याचा फायदाच होतो. साचलेल्या पाण्यात मात्र त्याला जास्त रुंद पट्ट्यातलं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि तेही कमी लांबीत. वेग जास्त आणि खाचा झिजलेल्या असतील तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंगला काहीच जुमानत नाही.

उतरताना पाऊस कोसळला. केरीच्या खाली रस्त्यावरून तांबडं पाणी वाहत होतं. भाच्याने काही न बोलता वेग तीसवर आणला.